काठाचे पाणी: ठाणे, वांगणी, नेरूळ

शनिवार, ठाणे शहर

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात आणि आजही शहराच्या हद्दीत ३५ च्या आसपास तलाव मोजले जातात. मात्र या तलावांत कोण राहते असे विचारले, तर उत्तर मासे, कासवे आणि जलपर्णी यांच्यापुढे सहसा सरकत नाही. त्याच पाण्यात रोटिफर, म्हणजे डोक्यावर हलत्या केसांची वलये असलेले सूक्ष्म प्राणी, आणि जलपिसू, कोपेपॉड, ऑस्ट्रॅकॉड हे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले चिमुकले जीव, यांची दाट वस्ती असते. त्यांतले बरेचसे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि जे दिसतात ते पाण्यातला कचरा म्हणून दुर्लक्षिले जातात. शहरातले बांधीव तलाव, उल्हास नदीच्या पुराने भरणारी वांगणीकडची डबकी आणि नवी मुंबईतले पावसाचे पाणी थोपवणारे खाडीलगतचे धारण तलाव, अशा तीन तऱ्हांच्या पाण्यांतून या जीवांचे नमुने घ्यायचे आणि त्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या, असा बेत आम्ही पितृपंधरवड्यात आखला. या दिवसांत पावसाचा जोर ओसरलेला असतो, पाणी भरपूर असते, गढूळपणा खाली बसू लागलेला असतो आणि दोन सणांच्या मधल्या सामसुमीमुळे काठावर वर्दळही बेताची असते.

सोबत होते आमचे सर, म्हणजे प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांनी नोकरीच्या काळात आसामातल्या बीलांमध्ये, म्हणजे ब्रह्मपुत्रेच्या पुराने पोसलेल्या उथळ सरोवरांमध्ये, नमुने गोळा करण्याचे काम केले आहे. आणि विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला असलेली माझी भाची. सामान थोडकेच होते: ५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांच्या नायलॉन कापडाची शंकूच्या आकाराची जाळी, तिच्या टोकाला बांधलेली बाटली, प्लास्टिकची बादली, रुंद तोंडाच्या बरण्या आणि नमुने टिकवण्यासाठी फॉर्मॅलिन.

सकाळी सातच्या सुमारास मासुंदा तलावावर पोचलो तेव्हा कौपिनेश्वराच्या देवळाकडून घंटेचा आवाज येत होता आणि फिरायला आलेली मंडळी कठड्याला टेकून गप्पा मारत होती. नौकाविहाराच्या धक्क्याजवळ जाळी दोन-चार वेळा ओढताच बाटलीतले पाणी हिरवट पिवळे आणि दाट झाले. थेंबभर पाणी काचपट्टीवर घेऊन भाचीने फोल्डस्कोप डोळ्याला लावला. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक २०१४ साली जगापुढे आला. साधारण १४० पट मोठे दाखवणारे हे साधन खिशात मावते, त्यामुळे काठावरच अंदाज घेता येतो. "मामा, सगळीकडे एकच प्राणी दिसतोय," ती म्हणाली, आणि दुपारी घरी मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर तिचे म्हणणे जवळजवळ खरे ठरले.

तो प्राणी ब्रॅकिओनस, एक रोटिफर. लांबी मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास, अंगावर पारदर्शक कवच, कवचाच्या पुढच्या कडेला अणकुचीदार काटे, आणि डोक्यावर सूक्ष्म केसांची वलये, जी इतक्या लयीत हलतात की दोन चाके गरगर फिरत असल्याचा भास होतो. या केसांनी उठवलेल्या भोवऱ्यातून शेवाळाचे कण तोंडात ओढले जातात. कवचातून आतले जबडे दळताना स्पष्ट दिसतात आणि मागे, शेपटासारख्या पायाच्या बुंध्याशी, एक, दोन, कधी चार अंडी चिकटलेली असतात. साऱ्या शरीरात सुमारे १००० पेशी आणि आयुष्य जेमतेम आठवडाभराचे, तरीही ऊबदार पाण्यात मादी दीड-दोन दिवसांत अंड्यावर येते आणि नराशिवायच पुढची मादी जन्माला घालते. तेव्हा अन्न मुबलक असले की तलाव भरून जायला वेळ लागत नाही.

त्याच थेंबात ॲस्प्लँक्नाही सापडला आणि दुपारचा बराच वेळ त्याने खाल्ला. हा रोटिफरच, पण कवच नसलेला, आरपार दिसणारा, आकाराने मोठा आणि शिकारी. त्याच्या पोटात नुकताच गिळलेला एक ब्रॅकिओनस अजून ओळखू येत होता. ॲस्प्लँक्नाला गुदद्वार नसते, त्यामुळे पचन झाल्यावर उरलेले रिकामे कवच तो तोंडावाटेच बाहेर टाकतो. भक्ष्याने मात्र यावर तोड काढलेली आहे. ॲस्प्लँक्नाच्या शरीरातून पाण्यात झिरपणारे रसायन ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस या जातीच्या मादीला जाणवले, की तिच्या अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांच्या कवचाला मागच्या बाजूस लांब, बाहेर पसरलेले काटे येतात आणि अशी पिल्ले शिकाऱ्याच्या घशात अडकतात. १९५२ साली द बोशाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे प्रथम दाखवून दिले. आमच्या काचपट्टीवर आखूड काट्यांच्या आणि लांब काट्यांच्या दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी पोहत होत्या. वेगळ्या जाती समजून त्यांची यादीत दोनदा नोंद करण्याचा मोह कोणालाही व्हावा, आणि जुन्या याद्यांमध्ये असे फुगलेले आकडे असतात, असे सरांनी लगेच बजावले.

नंतर पाचपाखाडीतल्या कचराळी तलावाचे पाणी पाहिले. त्यात फिलिनिया आणि केराटेला ट्रॉपिका या रोटिफरांची थोडी भर होती, एवढाच फरक. दोन्ही ठिकाणी जीव अगणित, जाती मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. निर्माल्य, माशांना टाकलेला पाव, कुठून तरी झिरपणारे सांडपाणी यांनी पाण्यात नत्र आणि स्फुरद वाढतो, शेवाळ माजते आणि ते खाऊन झपाट्याने वाढणाऱ्या मोजक्या जाती बाकीच्यांना हुसकावतात, हे कारण सर्वपरिचित आहे. सरांचे बोट मात्र दुसरीकडे होते. तलावाची भिंत सरळ पाण्यात उतरलेली आहे, म्हणजे या तलावाला मधले पाणी आहे आणि काठ नाही. गोड्या पाण्यातल्या रोटिफरांपैकी फार थोड्या जाती उघड्या पाण्यात तरंगत जगतात. बहुसंख्य जाती उथळ काठाच्या पाणवनस्पतींच्या खोडांवर, पानांच्या मागे आणि गाळाच्या पृष्ठावर राहतात. तेव्हा दगडी आणि काँक्रीटचा घाट बांधला जातो त्या दिवशीच बहुतेक रहिवाशांचे घर गेलेले असते, मग पाणी कितीही स्वच्छ ठेवा. सुशोभीकरण या शब्दाने आपल्या शहरांत जे जे काही होते, त्यात हा हिशेब कुठे मांडलेला मी तरी पाहिलेला नाही.

रविवार, घरीच

दिवसभर पाऊस पडत राहिल्याने उपवन तलावावर जाण्याचा विचार सोडला आणि आमच्याच इमारतीच्या गच्चीवरच्या पन्हळीतले शेवाळ खरवडून आणले. ते पाण्यात भिजत घातल्यावर थोड्या वेळात डेलॉइड गटातले रोटिफर जळवेच्या चालीने, एकदा डोके आणि एकदा शेपूट टेकवत, सरकू लागले. हे प्राणी सुरुवातीच्या काळात पाहणाऱ्यांपैकी एकालाही ते अशाच जागी भेटले होते. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुकने, सूक्ष्मदर्शकातून जीव पाहणाऱ्या आद्य निरीक्षकाने, १७०२ साली छपराच्या पन्हळीतला कोरडा गाळ पाण्यात कालवला आणि त्यातले जीव पुन्हा हालचाल करू लागल्याचे लिहून ठेवले. निपचित राहून पुन्हा जागे होण्याची ही ताकद कुठवर जाते याचे अलीकडचे उदाहरण २०२१ सालचे: सायबेरियातल्या सुमारे २४,००० वर्षे गोठून राहिलेल्या मातीतून काढलेला डेलॉइड रोटिफर प्रयोगशाळेत जिवंत झाला आणि त्याची प्रजाही वाढली. या गटात नर आजवर कोणालाही दिसलेला नाही. जगभरात रोटिफरांच्या सुमारे २,००० जाती ज्ञात आहेत, त्यांपैकी साडेचारशेच्या आसपास डेलॉइड आहेत. फॉर्मॅलिनमध्ये ते आक्रसून ओळखण्यापलीकडे जातात आणि म्हणून तलावांच्या बहुतेक याद्यांत त्यांची नोंद अपुरीच राहते. आमच्या यादीतही त्यांच्यासाठी एकच ओळ ठेवली.

सोमवार, वांगणी

सकाळच्या कर्जत लोकलने ठाण्याहून निघालो. अंबरनाथ सुटेपर्यंत इमारतींची रांग तुटत नाही. बदलापूरनंतर मात्र डोंगर जवळ येतात आणि उल्हास नदी रुळांच्या सोबतीने वाहू लागते. याच पट्ट्यात २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले होते. त्या दिवसाच्या छायाचित्रांत चहूकडे पाणी आणि मध्ये गाडी दिसते. ते पाणी जिथे पसरले होते ते नदीचेच पूरमैदान आहे, ही गोष्ट बातम्यांच्या गोंधळात फारशी कोणाच्या ध्यानात आली नसावी. दरवर्षी कमीअधिक प्रमाणात नदी या मैदानावर पसरते आणि ओसरताना जुन्या प्रवाहांचे खोलगट भाग, वीटभट्ट्यांसाठी माती काढलेले खड्डे आणि भाताची खाचरे भरून ठेवून जाते. आम्हाला हवे होते ते हे मागे राहिलेले पाणी.

स्टेशनपासून रिक्षाने आणि पुढे बांधावरून चालत एका लांबट डबक्यापाशी आलो. आजूबाजूला हळव्या भाताची लोंबे वाकली होती. डबक्याच्या कडेने हायड्रिला, मध्ये कुमुदाची पाने, एका कोपऱ्यात गोंडाळ, आणि काठ असा मंद उताराचा की पाणी कुठे संपते आणि चिखल कुठे सुरू होतो ते सांगता येऊ नये. गुडघाभर पाण्यात उतरून सरांनी जाळी बाजूलाच ठेवली. हायड्रिलाची जुडी मुळापासून न उपटता वरून हलकेच कापून घेतली, बादलीतल्या पाण्यात ती खळबळून धुतली आणि ते पाणी मग जाळीतून गाळले. कुमुदाच्या पानांची खालची बाजूही बोटाने पुसून घेतली. आसामात सगळे काम असेच चालते, उघड्या पाण्यात जाळी ओढून बीलातले निम्मे प्राणीही हाती लागत नाहीत, असे ते म्हणाले.

शेताचे मालक बांधावरून हे सगळे पाहत होते. "सर, मासे नाहीत का धरायचे?" त्यांनी विचारले. सरांनी बाटली उजेडात धरून त्यातले पांढरे ठिपके दाखवले आणि सांगितले, "काका, माशांची पिल्लं हेच खाऊन मोठी होतात." काकांना त्यात नवल वाटले नाही. पहिल्या पावसात नदी चढली की वलगणीचे मासे ओढ्याने खाचरांत येतात, अंडी घालतात आणि पिल्ले भादव्यापर्यंत इथेच राहतात, मग पाणी तुटायच्या आत जी गेली ती गेली, उरलेली बगळ्यांची, असे त्यांनी नीट क्रमाने सांगितले. युंक, बेली आणि स्पार्क्स या तिघांनी १९८९ साली पूर-स्पंदाची जी संकल्पना मांडली, तिचा गाभाही हाच आहे: उष्ण प्रदेशातल्या मोठ्या नद्यांची सुपीकता मुख्य पात्रापेक्षा पुराने भिजणाऱ्या आणि पुन्हा सुकणाऱ्या मैदानावर अवलंबून असते, आणि तिथले जीव या चढउताराला संकट मानत नाहीत, त्यावर आपले वेळापत्रक बांधतात. ॲमेझॉनच्या काठच्या मनाउस शहरापाशी पाण्याची पातळी वर्षात सरासरी १० मीटरने वरखाली होते. उल्हासचे प्रमाण त्यापुढे किरकोळ, पण तत्त्व तेच.

झाडाखाली सतरंजी टाकून सूक्ष्मदर्शक मांडला आणि कालपरवाच्या थेंबाशी याचे काहीच नाते नाही असे वाटले. एका काचपट्टीत दहा ब्रॅकिओनस दिसण्याऐवजी दहा वेगवेगळे प्राणी दिसत होते, प्रत्येकाचे एकदोन नग. सर्वांत जास्त होते लेकेन या प्रजातीतले. यांना चपटे कवच असते आणि मागे कवचाबाहेर आलेली एक किंवा दोन बोटे असतात, ज्यांच्या टोकाशी नखे असतात किंवा नसतात. जगात या एका प्रजातीच्या सुमारे २०० जाती आहेत आणि त्या ओळखायच्या त्या या बोटांवरून, नखांवरून आणि कवचाच्या पुढच्या कडेवरून. लेकेन बुलाचे एकच लांब बोट असते, लेकेन लूनाला दोन. वाटोळ्या चपट्या कवचाची टेस्टुडिनेला, चार काट्यांचा प्लॅटियास क्वाड्रिकॉर्निस, वाकड्या अंगाची ट्रायकोसर्का, पानाला चिकटून स्वतःभोवती नळी बांधणारे आणि धक्का लागताच आत शिरणारे स्थिर रोटिफर, अशी नावे वहीत चढत गेली आणि दुपारपर्यंत पान भरून उलटावे लागले.

जलपिसवांतही तीच तऱ्हा. डॅफ्निया हे नाव पाठ्यपुस्तकात सर्वांनी वाचलेले असते, पण उष्ण कटिबंधातल्या सखल पाण्यांत मोठ्या डॅफ्निया क्वचितच भेटतात, कारण इथे वर्षभर लहान मासे हजर असतात आणि मोठा घास आधी जातो. त्यांची जागा मोइना, सेरिओडॅफ्निया, डायाफॅनोसोमा अशा लहान चणीच्या जलपिसवा घेतात, आणि झाडोऱ्यात कायडोरस, अलोना यांसारख्या गोल पाठीच्या, पोहण्यापेक्षा सरपटण्यात वेळ घालवणाऱ्या जाती राहतात. सिमोसेफॅलस तर मानेमागच्या भागाने पानाला चिकटतो आणि पोट वर करून तसाच लटकून राहतो. एक नग आमच्या बशीतल्या हायड्रिलाच्या तुकड्यावर जवळजवळ अर्धा तास जागचा हलला नाही, फक्त कवचाच्या आत त्याचे पाय शेवाळ गाळत सारखे चालू होते आणि पाठीवरच्या कप्प्यात पिल्लांचे काळे डोळे दिसत होते.

या समृद्धीचे कारण सरांनी बीलांच्या आधाराने समजावले. गुवाहाटीच्या नैर्ऋत्येला असलेले दीपोर बील हे ब्रह्मपुत्रेचे जुने पात्र मानले जाते. २००२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. शिलाँगच्या नॉर्थ ईस्टर्न हिल युनिव्हर्सिटीतले भूषण कुमार शर्मा आणि सुमिता शर्मा यांनी आसाम व मणिपूरमधील अशा सरोवरांत अनेक वर्षे केलेल्या कामातून एकेका सरोवरात रोटिफरांच्या शंभराहून अधिक जाती राहत असल्याचे पुढे आले, आणि साऱ्या भारतात चारशेहून काही अधिकच जाती नोंदल्या गेलेल्या असताना एका उथळ बीलाचा हा वाटा किती मोठा आहे ते वेगळे सांगायला नको. मणिपूरचे लोकताक हे १९९० पासून रामसर यादीत आहे आणि फुमदी म्हणजे वनस्पतींच्या तरंगत्या बेटांसाठी प्रसिद्ध आहे. तिथेही काठाच्या झाडोऱ्यातल्या जातींचाच भरणा आढळतो. १९८३ साली इथाई बंधारा झाल्यापासून मात्र तिथल्या पाण्याचा नैसर्गिक चढउतार उरलेला नाही. नायजेरिया, थायलंड, ब्राझील इथल्या पूरमैदानी सरोवरांतही लेकेनचे असेच प्राबल्य नोंदलेले आहे.

पुराची स्वतःची एक गंमत आहे. पाणी चढलेले असताना सगळी डबकी आणि नदी एकमेकांत मिसळतात, म्हणून सगळीकडे जवळपास सारखेच जीव मिळतात. पाणी उतरून ती वेगळी झाली की प्रत्येक डबके आपापल्या वाटेने जाते. थोमाझ, बिनी आणि बोझेली यांनी २००७ साली या विषयावरचे पुरावे एकत्र मांडले होते. आम्हाला याचा पडताळा त्याच दुपारी मिळाला. पहिल्या डबक्यापासून फार तर शंभर पावलांवर एका वीटभट्टीचा जुना खड्डा होता. पावसाळ्यात दोन्हींचे पाणी एक होते असे काकांनी सांगितले होते. आता त्या खड्ड्यात म्हशी डुंबत होत्या, झाडोरा तुडवला गेला होता, पाणी चहाच्या रंगाचे झाले होते. त्यातून निघाल्या त्या मोइनाच्या झुंडी, आणि कितीतरी मोइनांच्या कवचावर ब्रॅकिओनस रुबेन्स हा रोटिफर पायाने घट्ट चिकटून फुकटचा प्रवास करत होता. लेकेन शोधूनही एकदोनच मिळाले. म्हणजे म्हशींनी महिन्याभरात त्या खड्ड्याचे मासुंदा केले होते, हे माझे विधान सरांना पसंत पडले नाही. म्हशी गेल्या की काठ पुन्हा उगवतो, ठाण्याचा उगवणार नाही, एवढे त्यांनी शांतपणे सांगितले.

परतीच्या लोकलमध्ये विषय कोपेपॉडांवर आला, कारण दोन्ही ठिकाणी सायक्लॉप्सच्या कुळातले एकाक्ष जीव भरपूर मिळाले होते. आपल्याकडच्या जुन्या पिढीला हे जीव नावाने ठाऊक नसले तरी त्यांच्यामुळे होणारा नारू, म्हणजे कातडीतून लांब जंत बाहेर येण्याचा रोग, चांगला ठाऊक होता. नारूच्या अळ्या या कोपेपॉडांच्या पोटात वाढतात आणि न गाळलेल्या पाण्यातून माणसात येतात. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. राष्ट्रीय मोहिमेत पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि पाणी कापडातून गाळणे यावर भर दिला गेला, भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. बांगलादेशात रिटा कोलवेल यांच्या गटाने याच साध्या उपायाचा कॉलऱ्यासाठी उपयोग केला, कारण कॉलऱ्याचे जिवाणू कोपेपॉडांना चिकटून असतात. जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्यांतून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा सुमारे ४८ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केले. अशा घडीतली वाट साधारण २० मायक्रॉनची असते. आम्ही खांद्यावर वाहिलेल्या जाळीहून ती बारीक, हे भाचीने हिशेब करून दाखवले.

मंगळवार, नेरूळ आणि वाशी

ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळ गाठले. नवी मुंबईचा बराचसा भाग भरतीच्या पातळीच्या आसपास असल्याने शहर वसवताना डच पद्धतीचे धारण तलाव राखण्यात आले: भरतीच्या वेळी खाडीकडची झडप बंद राहते, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटी लागली की बाहेर जाते. आज यांतल्या काहींभोवती फिरण्याच्या वाटा आणि बाग आहेत आणि लोक त्यांना साधे तलाव समजतात. पाणी मात्र खारट आहे. पावसाळा संपत आलेला असूनही जिभेला ते स्पष्ट जाणवत होते.

खारेपणा हा सूक्ष्म प्राण्यांसाठी कडक पहारेकरी ठरतो. लेकेन, टेस्टुडिनेला, कायडोरस यांपैकी काहीही मिळाले नाही. मिळाला तो ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिसच्या गटातला रोटिफर, खूप संख्येने, आणि कोपेपॉडांची पिल्ले. हा रोटिफर मचूळ पाण्यापासून समुद्राहून खारट पाण्यापर्यंत तग धरतो, त्यामुळे १९६० च्या दशकापासून जपानमध्ये आणि नंतर जगभर समुद्री माशांच्या पिल्लांचे पहिले खाद्य म्हणून तो टाक्यांमध्ये वाढवला जातो. वाशीच्या तलावातही हेच चित्र होते, तिथे फार वेळ दवडला नाही. पलीकडची ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ झाली, पण रोहित पक्षी यायला अजून अवकाश होता आणि आमचा विषय गोड्या पाण्याचा, तेव्हा दुपारी परत फिरलो. धारण तलावांकडून जातींची विपुलता अपेक्षितच नाही. त्यांचे काम शहर बुडू न देण्याचे आहे आणि ते त्यांनी करावे.

गुरुवार, सरांच्या घरी

ओळख पटवण्याचे काम प्रवासापेक्षा जास्त वेळ खाते. कवचावरून जे ठरत नव्हते त्यांचे जबडे पाहावे लागले. एक नग काचपट्टीवर घेऊन त्यावर ब्लीचचा बारीक थेंब सोडायचा. मऊ भाग पाहता पाहता विरघळतो आणि कठीण जबडे तेवढे उरतात, ते वाहून जाऊ नयेत म्हणून नजर हलवायची नाही. ॲस्प्लँक्नाचे जबडे चिमट्याच्या घडणीचे, ब्रॅकिओनसचे दळणारे, आडव्या दातांच्या पट्ट्यांचे. वहिनींनी मध्ये दोनदा चहा आणून ठेवला आणि दोन्ही वेळा तो गार झाला.

याद्या शेजारी ठेवल्यावर शनिवारचीच गोष्ट आकड्यांत दिसली. शहरातल्या दोन्ही तलावांची मिळून यादी अर्ध्या पानाचीही झाली नाही आणि तिच्यात तरंगणाऱ्या जातीच जवळजवळ सगळ्या. वांगणीच्या एका डबक्याची यादी तिच्या कितीतरी पट लांब, आणि तिच्यात पाण्याच्या मधोमध राहणारे फारच थोडे. आमची यादी कुठल्याही बीलाशी तुलना करण्याच्या योग्यतेची नाही, हे सरांनी निक्षून सांगितले, कारण बीलांवरचे काम महिनोन्महिने चाललेल्या नमुन्यांवर उभे आहे आणि आमचे एका ऋतूतल्या एका फेरीवर. लेकेनचे काही नग फॉर्मॅलिनमध्ये आखडून गेले होते. त्यांना भाची जवळचे नाव द्यायला तयार होती, सरांनी त्यापुढे 'जात अनिश्चित' एवढेच लिहायला लावले.

एक प्रश्न मात्र पुढे न्यायचा ठरला. वांगणीच्या त्या डबक्यात पाणी उन्हाळ्यात आटते, म्हणजे इतक्या जाती दरवर्षी नदीच्या पुराबरोबर नव्याने येतात की त्या तिथल्याच गाळात अंड्यांच्या रूपाने थांबलेल्या असतात, हे आमच्या नमुन्यांवरून सांगता येत नाही. डेलॉइड सोडले तर, दिवस कठीण येऊ लागले की रोटिफरांच्या माद्या नर जन्माला घालतात. हे नर चिमुकले असतात, त्यांना कामाचे अन्नमार्गही नसतात, आणि त्यांच्याशी संयोग झाल्यावर माद्या जाड कवचाची अंडी देतात. ती गाळात वर्षानुवर्षे टिकू शकतात. म्हणून दिवाळीनंतर त्या डबक्याचा तळगाळ आणून, चाळून, सावलीत सुकवून ठेवायचा आणि मे महिन्यात, नदी चढण्याआधी, तो उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवायचा. त्यातून जे निघेल ते गाळातले, आणि जे पुढच्या भाद्रपदात डबक्यात मिळेल पण या बशीत मिळणार नाही, ते बहुधा नदीने आणलेले. काकांनी म्हशींच्या खड्ड्यातलाही गाळ न्या म्हणून सांगितले आहे.